पहिल्यांदा बेटावर जाताना

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची वेळ आहे. कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

एरवी आम्ही शेळ्यांचं लसीकरण, गटाचं कर्ज, पोरींची शाळा असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय लांबचा आहे, समुद्रापलीकडचा. ग्रीस देशात सांतोरिनी नावाचं एक बेट आहे. आमच्या गटातल्या आक्का पहिल्यांदाच तिकडं निघाल्यात आणि त्यांच्या प्रवासाची तयारी आम्ही गटातल्या १२ जणींनी मिळून केली. तीच आज तुम्हाला सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमचं काय काम त्या बेटावर? पण आज गावोगावची पोरं परदेशात कामाला आहेत. आज आक्का निघाल्या, उद्या तुमच्यातली कुणी निघेल. आणि बेट कुठलंही असो, तयारी करायची कुणी, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्यापैकी कुणीही ते बेट पाहिलेलं नाही. वाचून, नकाशात बघून, जाऊन आलेल्यांना विचारून जे पक्कं कळलं, तेवढंच सांगणार आहोत.

झालं असं. आक्कांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्यानं फोनवर आईला एक फोटो दाखवला. उंच कड्यावर पांढरीशुभ्र घरं, मधेच निळे घुमट, खाली निळा समुद्र. म्हणाला, "आई, जुलैत इकडं ये. महिनाभर आमच्याकडे राहा, आणि त्यातले पाच दिवस आपण सगळे या बेटावर जाऊ."

आक्का त्या आठवड्यात बैठकीला आल्या, हप्ता भरला, सही केली आणि गप्प बसून राहिल्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरानं खोली बघितलीया. रस्त्यापासनं खाली ऐंशी पायऱ्या हायत म्हणं. मला आपल्या देवळाच्या अकरा पायऱ्या होत न्हाईत."

"मग सांगा की त्याला!"

"एवढ्या हौसेनं करतोय, नको कसं म्हणू? आयत्या टायमाला बीपी वाढलाय म्हणून सांगते. म्हंजे त्यालाबी वाईट वाटायचं न्हाई."

इथं आमचीही चूक झाली, ती लपवत नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "पोरगं नेतंय हेच नशीब. गप जावा." पण शेवटी एक जण बोलली, "गुडघे आक्कांचे, सुट्टी आक्कांची, आणि ठरवणार बाकीचे? शेळी घेताना आपण चार बाजार फिरतो. आणि एवढ्या लांब जायचं, तर विचारायचंसुद्धा नाही?"

सगळ्या गप्प झाल्या. मग ठरलं. खोटं आजारपण सांगायचं नाही. आधी बेटाची माहिती काढायची आणि मग आक्कांनी स्वतः मुलाला सांगायचं, मला कसं यायचंय ते. मुलानं पैसे अजून भरले नव्हते, हे बरं झालं.

आता बेटाची ओळख करून घेऊ.

सांतोरिनीचं ग्रीक नाव थिरा. एजियन नावाच्या समुद्रात ते आहे. आकार सुमारे ७६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या तालुक्याचा एक कोपराच. राहणारी माणसं साडेपंधरा हजारांच्या आसपास. नकाशात बघितलं तर चंद्रकोरीसारखं दिसतं. ते तसं का, तर ते ज्वालामुखीचं तोंड आहे. साधारण ३६०० वर्षांपूर्वी तिथं जबरदस्त स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. उरली ती कड. म्हणून एका बाजूला ३०० मीटरपर्यंत उंच, सरळ तुटलेला कडा आहे आणि दुसऱ्या बाजूला जमीन हळूहळू उतरत समुद्राला मिळते.

मैत्रिणींनो, हे दोन बाजूंचं नीट लक्षात ठेवा. आक्कांच्या सगळ्या प्रवासाचा निकाल याच एका गोष्टीवर लागला.

फोटोतली घरं असतात ती कड्याच्या बाजूची. फिरा हे मुख्य गाव आणि ईया हे टोकाचं गाव, दोन्ही कड्यावर. तिथली कितीतरी घरं म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेल्या गुहाच आहेत. ज्वालामुखीच्या राखेचा थर मऊ, कोरायला सोपा. लाकूड नाही, पैसा नाही, म्हणून गरीब खलाशांनी आणि कष्टकऱ्यांनी डोंगर कोरून घरं केली. श्रीमंत जहाजमालकांचे वाडे वेगळे, वरच्या अंगाला. आज त्याच गरिबांच्या गुहा सगळ्यात महाग खोल्या झाल्यात. आणि गुहा म्हटली की पायऱ्या आल्याच. एका घराचं छत ते वरच्या घराचं अंगण. फिराच्या खाली जुनं बंदर आहे, तिथून गावात चढायला जवळजवळ ६०० पायऱ्या आहेत. शेजारी पाळणागाडी आहे म्हणून बरं.

दुसऱ्या बाजूला, उतरत्या जमिनीवर, कामारी आणि पेरिसा ही समुद्रकाठची गावं. तिथं जमीन सपाट आहे. काळ्या वाळूचा किनारा, रस्त्यालगत खोल्या, खानावळी आणि बसचा थांबा. कामारी विमानतळापासूनही जवळ. कड्यावरच्या गावांपेक्षा खोल्याही सहसा स्वस्त. हे नकाशात बघितल्यावर आक्का पहिल्यांदा नीट सरसावून बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे ऱ्हायचं खाली, आन् बघायला जायाचं वर?" बरोब्बर! आमच्या तयारीतला पहिला निर्णय तो. आणि तो आक्कांचा.

बेटावर फिरायला एसटीसारखी बस आहे. मात्र सगळ्या गाड्या फिरा गावातून सुटतात. कामारीहून ईयाला जायचं तर फिराला उतरून गाडी बदलायची. शेवटची गाडी किती वाजता, हे जाताना विचारून ठेवायचं. हे आपल्याला काही नवीन नाही.

आता महिना कुठला? जुलै-ऑगस्टमध्ये तिथं कडक ऊन, जोराचा वारा आणि सगळ्या जगाची गर्दी. ईयाला सूर्यास्त बघायला एवढी माणसं जमतात की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उलटं, बरीचशी हॉटेलं आणि दुकानं बंद असतात आणि पाऊस तेव्हाच पडतो. तिथला पाऊस हिवाळ्यातला, आपल्या उलट. मधले दोन काळ चांगले. एक मे ते जूनची सुरुवात, दुसरा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. ऑक्टोबरात हवा आल्हाददायक असते, उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो आणि दरही उतरलेले असतात.

गर्दीचं आणखी थोडं सांगायला हवं, कारण ते आपल्या जिव्हाळ्याचं आहे. साडेपंधरा हजार वस्तीच्या त्या बेटावर २०२३ मध्ये सुमारे ३४ लाख पाहुणे आले, असं बातम्यांत आलं होतं. मोठमोठी जहाजं येतात, एकेका दिवशी हजारो माणसं उतरवतात आणि संध्याकाळी निघून जातात. जुलै २०२४ मध्ये एका दिवशी १७ हजार माणसं जहाजांनी येणार होती. तेव्हा गावच्या एका कारभाऱ्यानं गावकऱ्यांनाच विनंती केली की आज शक्यतो घराबाहेर कमी पडा. लोक फार चिडले. चिडणारच की! जत्रेसाठी गावानंच दार लावून बसायचं? आता जहाजांनी दिवसाला ८ हजारांपेक्षा जास्त माणसं आणायची नाहीत अशी मर्यादा घातलीय, आणि २०२५ पासून मोसमात जहाजानं येणाऱ्या दर माणसामागे २० युरो घेतात. १ युरो म्हणजे साधारण १०० रुपयांच्या आसपास. आक्का जहाजानं जाणार नाहीत, विमानानं जाणार. पण खोलीत राहणाऱ्यांनाही दर रात्रीचा वेगळा कर असतो. खोलीच्या दर्जाप्रमाणे तो कमी-जास्त होतो आणि तो तिथं गेल्यावर भरायचा. घरी हिशेब मांडताना तो धरायचा राहतो, म्हणून सांगितलं.

आणि पाणी! आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या बाईला बेटाबद्दल पहिला प्रश्न हाच पडतो, की प्यायला पाणी कुठलं? आम्हीही तोच विचारला. तिथं नदी नाही. पूर्वी प्रत्येक घराखाली हौद असायचा आणि छतावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीनं त्या हौदात घ्यायचे. तेच वर्षभर पुरवायचे. आता समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतात. नळाला येतं ते वापरायला ठीक, पण प्यायला लोक बाटलीचंच घेतात. एवढ्याशा पाण्यात पाहुण्यांच्या पोहायच्या तलावांचीही भर पडलीय. आक्का लगेच म्हणाल्या, "मी दोन बादल्यांत आंघोळ करनार. टँकरची वाट बघितलेली बाई हाय मी." आम्ही हसलो, पण याहून चांगला पाहुणा त्या बेटाला कुठला मिळणार?

शेतीचं ऐकलं तेव्हा तर आमची सभा अर्धा तास लांबली. तिथं द्राक्षं होतात, पण मांडव नाही, तारा नाहीत, ठिबक नाही. वेलीच्या फांद्या जमिनीलगत गोल गोल गुंफून टोपली करतात. जोराचा वारा वरून निघून जातो आणि घड टोपलीच्या आत सुरक्षित राहतात. रात्री समुद्रावरून धुकं येतं, दव पडतं, ती ओल तिथली हलकी सच्छिद्र माती शोषून घेते. त्यावर वेल जगतो. टोमॅटोही तसेच, जवळपास कोरडवाहू. छोटे, जाड सालीचे, पण चवीला गोड-आंबट आणि दाट. आपल्याकडे द्राक्षबागेच्या पाण्यापायी कर्जं झालेली माणसं आपण पाहिलीत. त्यामुळे आक्कांच्या यादीत फोटोच्या जागेआधी द्राक्षाची बाग लिहिली गेली. आम्ही १२ जणींनी त्यांना काम सांगितलंय, की ती टोपली कशी गुंफतात ते नीट बघून या.

खाण्याचं. आक्का माळकरी. माळ घातल्यापासून मांसाहार नाही. त्यांना मोठी काळजी ही, की पाच दिवस खायचं काय? तर ऐका. त्या बेटाचा मानाचा पदार्थ म्हणजे फावा. एक पिवळी डाळ शिजवून, घोटून, दाट पिठल्यासारखी करतात आणि वरून कच्चा कांदा, ऑलिव्हचं तेल घालून भाकरीऐवजी पावाबरोबर खातात. आमच्यातली एक सून भंडाऱ्याकडची. तिनं डाळीचं वर्णन ऐकून विचारलं, "ही लाखोळी तर नव्हं?" शोधून बघितलं तर खरंच, लाखोळीच्याच कुळातली! जात वेगळी, पण बहीणच म्हणा. आणि ही डाळ त्या बेटावर ३५०० वर्षांपेक्षा जुनी आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या गावात तिचे जळालेले दाणे सापडलेत.

टोमॅटो, कांदा, पुदिना आणि पीठ कालवून तळलेली तिथली भजीही प्रसिद्ध आहेत. पांढरी वांगी आहेत. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या असतात. शिवाय ग्रीक लोकांत उपवास पुष्कळ. त्यांच्या उपवासाच्या जेवणात मांस, अंडी, दूध काही नसतं. हॉटेलात 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं आहे का, असं विचारलं तरी काम होतं. पण एक खबरदारी घ्यायची. कोळंबी आणि शिंपल्या त्यांना उपवासाला चालतात. म्हणून ताटात काय आहे ते विचारायचंच. 'होरीस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय. भात भरलेल्या भाजीत कधी कधी खिमा असतो, तिथं हे दोन शब्द उपयोगी पडतात.

अजून थोडे शब्द आक्कांनी पाठ केलेत. 'कालिमेरा' म्हणजे सकाळचा नमस्कार. 'एफखारिस्तो' म्हणजे आभारी आहे. 'नेरो' म्हणजे पाणी. ऐकायला अगदी आपल्या नीर सारखं, म्हणून चटकन पाठ झालं. पण एका शब्दानं सगळ्यांची भंबेरी उडवली. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय! आणि नाही म्हणायला 'ओखी'. शिवाय नाही म्हणताना ते मान आडवी हलवत नाहीत, डोकं किंचित वर उचलतात. आपल्याला वाटायचं की "काय?" म्हणून विचारतोय. आता आमच्या बैठकीत हप्ता आणला का विचारलं की बाया 'ने' म्हणतात आणि हसतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण हे लिहून घ्या.

पहिलं काम पासपोर्ट. त्याची सरकारी फी मोठ्या माणसाला साध्या ३६ पानी पुस्तकासाठी १५०० रुपये आहे. त्याच्यावर कुणी एजंट पाच हजार मागत असेल तर तो मधले खातोय हे ओळखा. आता बऱ्याच मोठ्या पोस्टांतही पासपोर्टचं काम होतं. आक्कांची अडचण नावाची निघाली. आधार कार्डावर नावापुढे 'बाई', शाळेच्या दाखल्यावर 'बाई' नाही आणि आडनाव माहेरचं, बँकेत तिसरंच. आपल्यातल्या निम्म्या जणींची हीच गत असेल. लग्न झालं की नाव बदलतं, आणि ते कुठं कसं लिहिलं हे आपल्याला कुणी विचारतच नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळे कागद एका ताटात मांडून नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळवून बघा. आधार, पॅन, बँक आधी एकसारखं करून घ्या. नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात नाव बदलाची नोंद करता येते. याला वेळ लागतो, म्हणून प्रवास ठरला नसला तरी हे काम आजच करावं असं आमचं म्हणणं आहे. पेन्शन असो, वारसा असो, नाव जुळलेलं कधी वाया जात नाही.

दुसरं काम व्हिसाचं. युरोपातले २९ देश मिळून एकच व्हिसा चालतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथं जास्त दिवस राहायचं. आक्का बरेच दिवस मुलाकडे राहणार, म्हणून अर्ज जर्मनीचा. त्याच व्हिसावर ग्रीसला जाता येतं. नुसतं ग्रीसला जाणारीनं ग्रीसचा करायचा. मोठ्या माणसाला फी ९० युरो. किमान ३० हजार युरोंचा दवाखान्याचा विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आत आणि किमान १५ दिवस आधी करायचा. आमचा सल्ला, तीन महिने आधी करा. परतल्यावरही पासपोर्टची मुदत किमान तीन महिने शिल्लक पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला अर्ज-केंद्रात स्वतः जावं लागतं. राबून राबून आपल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, रेशन दुकानात हा अनुभव आहेच. आधी आठवडाभर रात्री हाताला तेल लावा.

बीपीच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर आठवड्याच्या जास्त घ्यायच्या. डॉक्टरची चिठ्ठी सोबत, आणि गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवायच्या. बॅग हरवली तरी गोळी हरवता कामा नये.

आता भीतीचं. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "ज्वालामुखीच्या तोंडावर कशाला जायचं गं?" प्रश्न रास्त होता. ९ जुलै १९५६ ला तिथं मोठा भूकंप झाला होता. ५० हून अधिक माणसं गेली, घरं पडली आणि पुष्कळ कुटुंबं बेट सोडून गेली. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीतही जमीन सारखी हादरत होती. शाळा बंद ठेवल्या, ११ हजारांहून जास्त माणसं काही दिवस बाहेर गेली. नंतर धक्के थांबले, माणसं घरी आली आणि मोसम सुरू झाला. किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या आपण. कोयनेच्या हादऱ्यांत भांडी वाजलेली ऐकलेल्या आपण. तेव्हा भीती खरी आहे, पण ती माणसं तिथं राहतात, लेकरं वाढवतात. आपण एवढं करायचं, निघायच्या आधी बातमी बघायची, खोलीतून बाहेर पडायची वाट पहिल्याच दिवशी पाहून ठेवायची आणि ११२ हा मदतीचा नंबर लक्षात ठेवायचा.

बघायचं काय, ही यादी आक्कांनी स्वतः केली. कामारीचा किनारा सकाळी, कारण दुपारी ती काळी वाळू तव्यासारखी तापते. ईयाला संध्याकाळी नाही, सकाळी लवकर, गर्दी यायच्या आत. सूर्य काय, आपल्या माळावरही मावळतो. आणि अक्रोतिरी. राखेखाली गाडलं गेलेलं गाव म्हटलं ना, ते हे. १९६७ मध्ये तिथं खोदकाम सुरू झालं. दोन-तीन मजली घरं, गटारं आणि धान्याचे मोठाले रांजण निघाले. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. आधी जमीन हादरली, तेव्हाच लोक शहाणपणानं निघून गेले असावेत. भिंतींवर चित्रं सापडली, त्यात केशर वेचणाऱ्या बायका आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कामकरी बायका! सगळ्या जागेवर छप्पर आहे, चालायला वाट केलेली आहे, म्हणून गुडघ्यांनाही झेपेल.

गाढवावर बसायचं नाही, हे आक्कांनी सगळ्यात आधी सांगितलं. जुन्या बंदराच्या पायऱ्यांवर गाढवं आणि खेचरं पाहुण्यांना वाहतात. फार ओझं लादतात म्हणून २०१८ मध्ये ग्रीस सरकारनं नियम केला, की १०० किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको. आक्का म्हणाल्या, "डोक्यावर ओझं वाहून माझं गुडघं गेलं. मी कुणाच्या पाठीवर बसणार न्हाई."

आणि एक रीत पाळायची. फोटोसाठी कुणाच्या छतावर चढायचं नाही, दारात बसायचं नाही. ते चित्रातलं गाव नाही, कुणाचं तरी घर आहे. निळे घुमट बहुतेक देवळांचे आहेत. आत जाताना अंग झाकलेलं असावं. आपली साडी आणि पदर तिथं अगदी शोभून दिसेल.

एवढी तयारी झाल्यावर अवघड काम उरलं. मुलाला सांगायचं. आक्कांनी वही समोर धरली. आम्ही सगळ्या खोलीत होतो, पण फोनच्या चौकटीत फक्त आक्का. त्या म्हणाल्या, "बाळा, मी येणार हाय. पण जुलैत न्हाई, आक्टोबरात. कड्यावरची खोली नको, खाली कामारीला बघ, तळमजल्यावर. आन् इमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेव." तिकडून आवाज आला नाही. आमचे श्वास अडकले. मग तो म्हणाला, "आई, तुला कामारी कुठं म्हाईत?" आक्का म्हणाल्या, "मला समदं म्हाईत हाय. तूच चुकीच्या बाजूला चालला होतास."

त्याला वाईट वाटलं नाही, मैत्रिणींनो. तो हसला. म्हणाला, "मी फोटो बघून ठरवलं, तुला विचारायचं सुचलंच नाही. आक्टोबरात पोरांच्या शाळेला सुट्टी असतीच, तेव्हाच जाऊ." आईला पायऱ्या चढवत नाहीत हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण आईनं ते कधी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओवर माणूस बसलेलं दिसतं, जिना चढताना दिसत नाही.

आज अर्ज गेलाय, पोलीस चौकशी व्हायची आहे. व्हिसा मिळेल की नाही हे कुणाच्या हातात नाही. नाही मिळाला तर पुन्हा भरू. पण आधार, पॅन, बँक, सगळीकडे आता आक्कांचं नाव एकसारखं आहे, आणि घरात काही ठरायचं असलं की त्यांना विचारलं जातंय. सून परवा फोनवर म्हणाली, "आई, दिवाळीचं काय करायचं ते तुम्हीच सांगा."

तेव्हा आजचं काम एवढंच. घरातले सगळे कागद एका ताटात मांडा आणि आपलं नाव जुळतंय का बघा. आणि कुणी प्रेमानं कुठं न्यायचं म्हटलं, पंढरपूर असो नाहीतर सांतोरिनी, तर आजारपणाचं कारण काढून घरी बसू नका आणि गप्प बसून मागेही जाऊ नका. कसं यायचंय ते सांगा.

आक्का परत आल्या की त्यांनाच इथं माइकसमोर बसवू. द्राक्षाची टोपली कशी गुंफतात, ते त्या सांगतील.